मागच्या रांगेतलं सिंगापूर

सातवीत असताना आंतरहाउस वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. विषय होता ‘माझा आदर्श’. मी माझ्या पणजोबांवर बोललो. ते आझाद हिंद सेनेचे शिपाई होते, सिंगापूरच्या मैदानावर नेताजींच्या हाकेला ओ देणाऱ्यांत ते होते, असं मी छाती पुढे काढून सांगितलं. टाळ्या पडल्या. तेव्हापासून डॉर्मिटरीत माझी तीच ओळख झाली. कुणी नवीन मुलगा आला की माझा मणिपूरचा मित्र त्याला सांगायचा, "इसके परदादा आयएनए में थे."

खरं सांगायचं तर पणजोबांबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. १९४२ साली ते सैन्यात सिंगापूरला होते आणि तिथे कैद होऊन १९४६ साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतले. मधली चार वर्षं रिकामी होती. ती मी माझ्या मनाने भरली. कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कदाचित भाषण इतकं चांगलं झालं नसतं.

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरला गेलो. माझी आत्या आणि मामा, म्हणजे आत्याचे यजमान, नोकरीनिमित्त तिथे राहतात. बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून आत्या बोलावतच होती. या वेळी तिने परस्पर तिकिटंच काढली आणि सोबत एक अट घातली : आबांना आणायचंच. आबा म्हणजे माझे आजोबा, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय शहात्तर. त्यांचा हा पहिलाच पासपोर्ट. त्याच्या चौकशीसाठी पोलीस घरी आले तेव्हा अर्ध्या तासात गावभर झालं की गुरुजींवर केस झाली!

आबा इतके दिवस परदेशाचं नाव काढलं की हसून विषय बदलायचे. सिंगापूर म्हटल्यावर मात्र एका शब्दाने हो म्हणाले. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही.

मुंबईहून विमानाने साडेपाच तास. घड्याळं अडीच तास पुढे केली. बाहेर पाऊल टाकलं तर डिसेंबर असून कोकणातल्या जूनसारखा दमट उकाडा. सिंगापूर विषुववृत्तापासून फक्त दीडशे किलोमीटरवर आहे, हे भूगोलात पाठ केलेलं वाक्य त्या क्षणी अंगाला चिकटलं.

हा देश म्हणजे एक शहर आहे. बृहन्मुंबईपेक्षा थोडासाच मोठा आणि लोकवस्ती साठ लाखांच्या आसपास. पण त्याचं बंदर पाहिलं की नकाशावरचा तो ठिपका एवढा महत्त्वाचा का, ते कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आम्हाला ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. समोर समुद्रात जहाजंच जहाजं. मी मोजायला लागलो, पन्नासच्या पुढे सोडून दिलं. काही नांगर टाकून उभी होती, काही इतक्या हळू सरकत होती की दूरच्या झाडाशी ताडून पाहिल्याशिवाय हालचाल कळत नव्हती. हिंदी महासागरातून चीन, जपानकडे जाणारा मोठा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून येतो आणि या बेटाच्या दाराशी वळतो. २०२४ साली या बंदराने चार कोटींहून अधिक कंटेनर हाताळले, तेही वीस फुटी मापाने मोजून. कंटेनरच्या वाहतुकीत शांघायनंतर सिंगापूरचाच नंबर लागतो.

आबा बराच वेळ समुद्राकडे बघत बसले. मग त्यांनी मामांना विचारलं, "जुनी गोदी कुठल्या बाजूला?" मामांनी पश्चिमेकडे हात केला. आबांनी मान हलवली, एवढंच.

पुढचे दोन दिवस आम्ही रीतसर पर्यटक होतो. सिंहाचं तोंड आणि माशाचं शेपूट असलेला मर्लायन पाहिला. ८.६ मीटर उंचीचा तो पुतळा तोंडातून अखंड पाण्याची धार सोडत असतो. त्याच्यासमोर लोक हाताची ओंजळ करून अशा कोनात उभे राहतात की फोटोत ती धार त्यांच्या ओंजळीत पडावी. मीही तसा फोटो काढला. आईने काढला. आबांना सांगितलं तर म्हणाले, "पाणी प्यायचं असतं, फोटोत धरायचं नसतं."

मला सगळ्यात जास्त आवडला तो चायनाटाउनमधला साउथ ब्रिज रोड. त्या एका रस्त्यावर १८२७ साली स्थापन झालेलं मरिअम्मनचं देऊळ आहे, त्याच्या जवळच तमिळ मुसलमानांनी बांधलेली जुनी मशीद आणि थोडं पुढे गेलं की बुद्धाचं भव्य मंदिर. रस्त्यावरच्या धोक्याच्या पाट्या चार भाषांत : इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ. आबा देवळाबाहेर चपला काढताना म्हणाले, "तुझ्या डॉर्मिटरीसारखंच आहे की रे हे." बरोबर होतं. आमच्याही खोलीत रात्री फोनवर घरच्यांशी बोलताना आठ मुलं सहा भाषा बोलतात आणि सकाळी शिट्टी वाजली की सगळ्यांना एकच भाषा कळते.

जेवायला आम्ही हॉकर सेंटरमध्ये जायचो. म्हणजे एका छपराखाली पन्नास-साठ छोट्या टपऱ्या, मधे टेबलं, ज्याला जे हवं ते आणावं. मी हैनानी चिकन राइस खाल्ला, आबांनी तमिळ माणसाच्या गाड्यावरचा डोसा. खाऊन झाल्यावर ज्याने त्याने आपला ट्रे उचलून ठरलेल्या जागी ठेवायचा, नाही ठेवला तर दंड होऊ शकतो. आबांना हा नियम फार पटला. मला म्हणाले, "मेसमध्ये ठेवतोस ना रे?" मी म्हणालो, ठेवतो. मनात म्हटलं, ड्यूटी मास्टर असले की ठेवतो.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. आत्याच्या शेजारी एक चिनी कुटुंब राहतं. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा सुट्टीवर घरी आला होता. तिथे प्रत्येक तरुण नागरिकाला अठराव्या वर्षानंतर साधारण दोन वर्षं सैनिकी सेवा करावी लागते. १९६७ पासूनचा हा नियम आहे. मी सैनिकी शाळेत आहे म्हटल्यावर त्याने मला खालच्या बागेत बोलावलं. आमची दोस्ती कवायतीवरून जमली. मी ‘सावधान’ करून दाखवलं. तो म्हणाला, आमच्यात ‘सेडिया’ म्हणतात. तिथले कवायतीचे हुकूम मलय भाषेत असतात. राष्ट्रगीतही मलय भाषेतच आहे. घरात चिनी, शाळेत इंग्रजी, परेडवर मलय! दहा मिनिटं आम्ही एकमेकांना हुकूम देत होतो आणि बाकावर बसलेले आबा हसत होते.

मग त्याने विचारलं, तुमच्या घरातलं कुणी १९४२ मध्ये इथे होतं का? आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "माय ग्रेट ग्रँडफादर वॉज इन द आयएनए."

तो आदराने माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, त्या वर्षी जपान्यांनी इथल्या चिनी पुरुषांना वेचून काढून मारलं, त्यात आमच्या घरचेही गेले, पण आमच्याकडे कुणी त्यावर बोलत नाही. आणि त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. १५ फेब्रुवारीला, म्हणजे ज्या दिवशी सिंगापूर पडलं त्या दिवशी, त्यांच्या देशात दरवर्षी संरक्षण दिवस पाळतात. संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, शरणागतीच्या वेळेला, देशभर भोंगा वाजतो.

मी चक्रावलो. आपण विजयाचे दिवस साजरे करतो. १६ डिसेंबरला आमच्या शाळेतही विजय दिवस असतो. पण पराभवाचा दिवस, तोही मिनिटासकट, लक्षात ठेवणारा देश मी पहिल्यांदाच पाहिला.

आबांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी ‘आयएनए’ ही तीन अक्षरं त्यांनी बरोबर ऐकली होती. रात्री मी त्यांच्या खोलीत झोपायला गेलो. दिवा घालवल्यावर त्यांनी विचारलं, "तात्या आझाद हिंदमध्ये होते, हे तुला कुणी सांगितलं?"

तात्या म्हणजे त्यांचे वडील. माझे पणजोबा. मी गप्प राहिलो. तेही गप्प राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला एक मैदान बघायचं आहे. फॅरर पार्क. तुझ्या मामाला सांग."

मामांनी बेत असा आखला की आधी दोन दिवस युद्धाच्या जागा बघू, म्हणजे मैदान बघताना काय बघतोय ते कळेल. त्यांचं बरोबर होतं.

सेंटोसा बेटावर सिलोसो नावाचा किल्ला आहे. आज सेंटोसा म्हणजे करमणुकीचं बेट. वाळूचे किनारे, झुलते पाळणे, आइस्क्रीम. त्या सगळ्याच्या टोकाला किनारी तोफा अजून उभ्या आहेत. सिंगापूरच्या तोफांची तोंडं समुद्राकडे होती आणि शत्रू मागून आला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती अर्धीच खरी. बऱ्याच तोफा जमिनीकडे वळवता येत होत्या आणि वळवल्याही. पण त्यांच्यासाठी साठवलेले गोळे मुख्यतः जहाजांचं पोलाद भेदणारे होते. पायदळावर मारायचे स्फोटक गोळे फार थोडे होते. तयारी होती, पण ती ज्या लढाईची केली होती ती लढाई झालीच नाही.

जपानी सैन्य ८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर मलायाच्या ईशान्येला कोटा भारू इथे उतरलं. दोन दिवसांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिशांच्या दोन मोठ्या युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या. मग जपानी पायदळ, त्यातले बरेचसे सायकलींवरून, मलाया उतरत खाली आलं. ३१ जानेवारीला ब्रिटिशांनी बेटाला जोडणारा बांध सुरुंगाने उडवला. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी होड्यांतून पलीकडे आले आणि एका आठवड्यात सगळं संपलं.

फोर्ट कॅनिंग टेकडीच्या पोटात जमिनीखाली ब्रिटिशांचं मुख्यालय होतं. आता तिथे संग्रहालय आहे. बाहेरच्या उकाड्यातून तुम्ही कोंदट, बुटक्या खोल्यांत उतरता. १५ फेब्रुवारीच्या सकाळी जनरल पर्सिव्हल यांनी इथेच आपल्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारलं, की लढायचं का थांबायचं. त्या बैठकीचे मेणाचे पुतळे तिथे बसवलेले आहेत. मी पुतळ्यांचे चेहरे बघत होतो. बाबा भिंतीवरची माहिती वाचत होते. ते म्हणाले, "हे वाच. पाणी."

बेटावरचे पाण्याचे मोठे साठे जपान्यांच्या हातात गेले होते. बॉम्बहल्ल्यात शहरातले नळ जागोजागी फुटले होते. जे पाणी सोडावं ते रस्त्यावरच वाहून जात होतं. शहरात जीव वाचवायला आलेल्या लोकांची तोबा गर्दी. पाणी आणखी एक-दोन दिवस पुरेल, असं त्या बैठकीत सांगण्यात आलं. त्याच संध्याकाळी बुकिट तिमाह रस्त्यावरच्या फोर्ड कारखान्यात सह्या झाल्या. चिनी नववर्षाचा तो पहिला दिवस होता. पंच्याऐंशी हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. त्यात सर्वांत जास्त आपले भारतीय होते. गंमत म्हणजे समोर जनरल यामाशिता यांच्याकडे सैन्य कमी होतं आणि दारूगोळाही संपत आला होता. ते मोठ्या आवाजात बोलले म्हणून निभावून गेले.

मी वर येईपर्यंत रागाने तापलो होतो. बाबांना म्हणालो, "एवढे लोक होते, तर का लढले नाहीत?" बाबा म्हणाले, "जवान लढलेच. मलायापासून लढत आले. थांबायचा हुकूम वरून आला. हुकूम पाळायचा हे तुला रोज शिकवतात ना? तोही हुकूमच होता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी मरीना बराज पाहिलं. २००८ साली खाडीच्या तोंडावर बांधलेलं ते धरण. त्यामुळे शहराच्या मधोमध असलेली मरीना खाडी आता समुद्र राहिलेली नाही, गोड्या पाण्याचा तलाव झाली आहे. वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची योजना त्यांनी २००३ पासून चालवली आहे. शिवाय समुद्राचं पाणी गोडं करतात, पावसाचं साठवतात आणि मलेशियातल्या जोहोरमधून नळाने आणतात. जोहोरचा तो करार २०६१ पर्यंतचा आहे. एकदा पाण्यावाचून हरलेलं शहर पाण्याच्या बाबतीत पुन्हा गाफील राहायला तयार नाही. मर्लायनच्या तोंडातली ती धार मला आता वेगळी दिसायला लागली.

आणि मग फॅरर पार्क.

लिटल इंडियाला लागूनच हा भाग आहे. पूर्वी इथे घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. आता मेट्रोचं स्टेशन आहे, उंच इमारती आहेत आणि एक मोकळं हिरवं मैदान आहे. आम्ही पोचलो तेव्हा चार-पाच मुलं फुटबॉल खेळत होती. बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही.

आबा मैदानाच्या कडेला एका झाडाखाली बसले. मला शेजारी बसवलं. आणि त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, जेवढं आठवतं तेवढं.

"तात्या सर्व्हिस कोअरमध्ये ट्रक चालवायचे. रसद न्यायची आणायची. हुकूम झाला तशा बंदुका ठेवल्या. दोन दिवसांनी, सतरा तारखेला, सगळ्या हिंदुस्थानी जवानांना इथं आणलं. गोरे अधिकारी वेगळे काढले. पंचेचाळीस हजार माणूस होता म्हणतात. पुढं एक इंग्रज बोलला, मग एक जपानी बोलला, मग कॅप्टन मोहनसिंग बोलले. जपान्याचं बोलणं आधी इंग्रजीत, मग हिंदुस्थानीत सांगत होते. आझाद हिंद सेना उभी करायची, कोण येतो, असं विचारलं. पुढच्यांनी हात वर केले, घोषणा दिल्या.

"मी लहानपणी तात्यांना विचारलं होतं, तुम्ही हात वर केला का? तर म्हणाले, ‘मी मागच्या रांगेत होतो. काय बोलले ते ऐकूच आलं नाही. तहान लागली होती. पुढं आरडाओरडा झाला तेव्हा मला वाटलं पाणी आलं.’"

आबा इथे थोडा वेळ थांबले. मुलांचा फुटबॉल आमच्याकडे आला, मी परत मारला.

"नंतर सगळं कळलं त्यांना. त्यांच्या तुकडीतले काही गेले आझाद हिंदमध्ये, काही नाही गेले. तात्या गेले नाहीत. का नाही गेले, विचारलं तर एकदा म्हणाले, शपथ एकदाच घेतात. आणखी एकदा म्हणाले, घरी जायचं होतं रे, बाकी काही नाही. दोन्ही खरं असेल. मग वर्षभर इथल्याच गोदीत पोती उतरवली. पुढं जहाजाच्या तळात कोंबून न्यू ब्रिटन बेटावर नेलं, राबौलला. तिथं रस्ते खणले. निम्मे तापानं आणि उपासानं गेले. सप्टेंबर पंचेचाळीसला ऑस्ट्रेलियाच्या सैन्यानं सोडवलं. घरी आले तेव्हा आईनं ओळखलं नाही."

मग मला समजलं की आबांनी जुनी गोदी कुठे ते का विचारलं होतं. तात्यांनी हे बंदर दोनदा पाहिलं. एकदा रायफल घेऊन उतरताना आणि एकदा रिकाम्या हातांनी निघताना.

"गावात आझाद हिंदचे एक जण होते," आबा पुढे म्हणाले. "त्यांचा सत्कार व्हायचा, पंधरा ऑगस्टला झेंड्याशेजारी बसवायचे. योग्यच होतं ते. तात्या तेव्हा मागं उभे असायचे आणि सगळ्यांच्या आधी टाळी वाजवायचे. त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढं एसटीत ड्रायव्हर झाले. पण एक होतं. रात्री उशाशी भरलेला तांब्या असल्याशिवाय झोपायचे नाहीत. आणि गाडी कुठंही थांबली की आधी विचारायचे, पाणी कुणाला पाहिजे का?"

माझ्या घशाशी काहीतरी आलं. मी म्हणालो, "आबा, मी शाळेत खोटं बोललो. भाषणात." आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "तू त्यांना मोठं करायला गेलास. पण जो माणूस मोठा केलास तो दुसराच कुणीतरी होता. आमचे तात्या तसेच मागं राहिले."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही एस्प्लनेडला गेलो. तिथे आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांची आठवण देणारा फलक आहे. नेताजींनी ८ जुलै १९४५ रोजी इथे स्मारकाचा पाया घातला होता. ब्रिटिश परत आल्यावर त्यांनी ते स्मारक पाडलं. १९९५ साली सिंगापूर सरकारने त्या जागी फलक उभारला. मी तिथे सॅल्यूट केला आणि तो मनापासून केला. आपला हक्क नसलेली गोष्ट आपण वापरली, याची लाज त्यात होती, पण आदरही होता. आबांनीही हात जोडले. म्हणाले, "हात वर केलेले आपलेच आणि न केलेलेही आपलेच."

शेवटच्या दिवशी क्रांजीला गेलो. बेटाच्या उत्तरेला एका टेकडीवर युद्धस्मारक आहे. उतारावर कापलेल्या हिरवळीत पांढऱ्या दगडांच्या रांगा, चार हजारांहून अधिक. वर मुख्य स्मारक. त्याचे खांब म्हणजे रांगेत चालणारं पायदळ, वरचं छत म्हणजे विमानाचे पंख आणि मधला मनोरा म्हणजे पाणबुडीचा माथा. ज्यांना कबरच मिळाली नाही अशा चोवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्या खांबांवर कोरलेली आहेत. मागच्या बाजूला आणखी एक छोटं स्मारक आहे, ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी. तिथे जवळजवळ आठशे नावं आहेत आणि त्यातली बहुतेक आपल्या फौजेतली आहेत.

आबांच्या खिशात एक चिठ्ठी होती. तात्यांच्या शेजारच्या गावचा एक मित्र, त्यांच्याबरोबरच भरती झालेला, परत आला नव्हता. तात्या शेवटच्या आजारात त्याला हाका मारायचे. त्याचं नाव आम्ही रेजिमेंटवार खांबांवर शोधत गेलो. तासाभराने सापडलं. एकदा नाही, त्याच नावाचे दोन जण सापडले. खांबावर गाव लिहिलेलं नसतं. यातला आपला कोणता, हे कळायला मार्ग नव्हता.

आबांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली. दोन्ही नावांखाली हिरवळीवर थोडं थोडं पाणी सोडलं. मग बाटली माझ्याकडे दिली. म्हणाले, "आता तू पी. ऊन फार आहे."

मी सेडिया, म्हणजे सावधान, उभा राहिलो आणि प्यायलो.

सुट्टी संपवून शाळेत आल्यावर मी आमच्या मराठीच्या मॅडमना भेटलो. सगळं सांगितलं आणि विचारलं, प्रशस्तिपत्र परत करू का? मॅडम थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "प्रशस्तिपत्र राहू दे. भाषण दुरुस्त कर. आपलं मराठीचं पान रिकामंच आहे." म्हणून हा लेख.

मित्रांनो, सिंगापूरला जाल तर मर्लायनसमोर फोटो जरूर काढा. हॉकर सेंटरमध्ये खा आणि ट्रे जागेवर ठेवा. पण एक दिवस हातात ठेवा. क्रांजी मेट्रो स्टेशनपासून स्मारकापर्यंत चालत जाता येतं, तिथे तिकीट लागत नाही. तुमच्या आडनावाचा कुणीतरी त्या खांबांवर असण्याची शक्यता आहे, मग तुम्ही पंजाबचे असा, गढवालचे असा की साताऱ्याचे. घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना न्या. नेणं जमलं नाही तर निदान विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत मधली जागा रिकामीच ठेवा.

डॉर्मिटरीतल्या मित्रांनाही मी खरं ते सांगितलं. वाटलं होतं, हसतील. माझा मणिपूरचा मित्र म्हणाला, "हमारे यहाँ इंफाल की लड़ाई में दोनों तरफ हिंदुस्तानी थे. दादी दोनों के लिए दिया जलाती थी."

गेल्या आठवड्यात आमच्या खोलीत एक नवा मुलगा आला. ओळख करून देताना माझा मित्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इसके परदादा सिंगापुर में थे. पीछे वाली लाइन में." आणि त्याने त्या मुलापुढे पाण्याची बाटली धरली.